छायाचित्राला धार कशी येते?

आमच्या थोरल्या काकू गेल्यानंतर दिवाणखान्यात लावण्यासाठी त्यांची एक तसबीर करून घ्यावी असे ठरले, आणि घरातल्याच एका लग्नात पुतणीने आपल्या फोनवर टिपलेले, अंबाड्यावर गजरा माळलेल्या व कोणाकडे तरी पाहून हसणाऱ्या काकूंचे छायाचित्र सर्वांनी एकमुखाने पसंत केले. फोनच्या पडद्यावर ते इतके नेटके दिसत होते की केसांची बट न् बट आणि नऊवारीच्या काठातली जर मोजून घ्यावी. परंतु १२ × १८ इंचांच्या कागदावर छापून, चौकटीत बसवून ते भिंतीवर चढले, तेव्हा त्यात काहीतरी बिनसले आहे हे आल्यागेल्या प्रत्येकाच्या ध्यानात येऊ लागले. अंबाड्याभोवती, कानाच्या पाळीभोवती आणि खांद्याच्या उतारावरून एक पांढरी रेघ धावत होती. गालाची त्वचा रव्यासारखी खरखरीत झाली होती. आणि एकंदर मूर्ती कोणी कात्रीने कापून मागच्या भिंतीवर डकवावी तशी भासत होती. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तशी प्रभावळ त्या माउलीच्या मस्तकाभोवती उमटली होती, पण ती शोभत नव्हती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पुतणीने हौसेने फोनमधली ‘शार्पनेस’ नावाची पट्टी उजव्या टोकापर्यंत ओढली होती, आणि छपाईच्या दुकानात त्याच चित्रावर तोच संस्कार पुन्हा एकदा झाला होता. चित्र रेखीव करणे हेच ज्या साधनाचे काम, त्यानेच चित्राचा विचका करावा हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. आणि संगणकावर छायाचित्रे सुधारण्याच्या बहुतेक सर्व कार्यक्रमांत या कामाच्या सर्वांत जुन्या व मातब्बर साधनाचे नाव ‘अनशार्प मास्क’, म्हणजे शब्दशः ‘अस्पष्ट मुखवटा’, असे आहे हे पाहिल्यावर तर कोड्यात कोड्याची भर पडली. धार लावणाऱ्या साधनाला बोथटपणाचे नाव का मिळाले, याचा शोध घेत गेले की धार म्हणजे काय हेही आपोआप कळते.

कॅमेरा मुळातच मऊ पाहतो

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की डिजिटल कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे चित्र स्वभावतःच किंचित मवाळ असते, आणि त्यात छायाचित्रकाराचा काही दोष नसतो. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, त्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. परंतु ही घरे केवळ उजेड किती एवढेच मोजतात, त्यांना रंग कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एक काच बसवावी, अशी तजवीज कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर या शास्त्रज्ञाने केली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. या रचनेत निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. आता हिशेब पाहा: २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख घरे, त्यांतील प्रत्येकाला एकाच रंगाची खरी मोजणी ठाऊक, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरायचे. म्हणजे चित्रातील एकंदर रंगमूल्यांपैकी एकतृतीयांश मोजलेली आणि दोनतृतीयांश अदमासाची. अदमास हा नेहमीच सरासरीकडे झुकतो, आणि सरासरी म्हटली की टोके बोथटणारच.

यात आणखी एक भर पडते. दूरदर्शनवर बारीक रेघांचा सदरा घातलेला वक्ता दिसला की त्याच्या सदऱ्यावर इंद्रधनुषी लाटा नाचू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे; घरांची ओळ आणि कापडाची वीण यांची चाल जुळता जुळता चुकली की असे होते. हे टाळावे म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक पातळ पडदा बसवलेला असतो आणि तो येणारा प्रकाश हेतुपुरस्सर किंचित पसरवतो. भिंगाच्या मर्यादा आणि हाताचा अल्पसा कंप यांचाही हिस्सा असतोच. तात्पर्य, थोडी धार लावणे ही डिजिटल चित्राची खरी गरज आहे, आणि म्हणूनच फोन आणि कॅमेरे स्वतः चित्र तयार करून देतात तेव्हा ती न विचारता थोडीफार लावूनच देतात. पुतणीने पट्टी ओढण्याच्या आधीच काकूंच्या चित्राला फोनने एकदा धार लावलेली होती.

अंधाऱ्या खोलीतला मुखवटा

नावाचा उलगडा मात्र संगणकात नसून फिल्मच्या काळातल्या लाल दिव्याच्या खोलीत आहे. १९३० च्या दशकापासून काही कसबी छायाचित्रकार आणि छपाईसाठी चित्रे तयार करणारे कारागीर एक विलक्षण युक्ती करीत असत. मूळ निगेटिव्हवरून ते दुसऱ्या फिल्मवर एक फिकी पॉझिटिव्ह नक्कल काढीत, आणि ती काढताना दोन फिल्मांच्या मध्ये काच किंवा पारदर्शक पत्रा ठेवीत, म्हणजे ती नक्कल मुद्दाम धूसर उतरे. हाच तो अस्पष्ट मुखवटा. मग ती धूसर नक्कल मूळ निगेटिव्हवर बिनचूक जुळवून ठेवायची, आणि दोहोंतून मिळून प्रकाश सोडून कागदावर चित्र छापायचे.

याने काय साधे? नक्कल ही मूळ निगेटिव्हच्या उलट असल्यामुळे चित्रातील मोठमोठे उजेडाचे आणि सावलीचे प्रदेश एकमेकांना छेदून सौम्य होत. परंतु नक्कल धूसर असल्यामुळे तिच्यात बारीक तपशील नसेच, तेव्हा केसाची बट, पापणीची कड, पानाची शीर यांना छेद देणारे काही उरत नसे आणि ती शाबूत राहत. असे सौम्य झालेले चित्र अधिक कडक कागदावर छापले की प्रदेशांची तफावत पूर्ववत होई, पण कडा मात्र पूर्वीपेक्षा अधिक उठून दिसत. ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच रीत आकाशाच्या काचपट्ट्यांवर वापरली आणि तेजस्वी दीर्घिकांच्या झगमगाटात लपलेली सूक्ष्म रचना डोळ्यांना दिसेल अशी बाहेर काढली. जे चित्रात खरोखर नोंदलेले आहे पण दबून गेले आहे, त्याला वाट करून देण्याचे हे काम होते, आणि माझ्या मते या साधनाचा तो सर्वांत उदात्त उपयोग आहे.

साठ आणि दीडशे यांची सरहद्द

संगणक हेच काम अंकांनी करतो, आणि ते इतके सोपे आहे की पाटीवर मांडून दाखवता येते. चित्र म्हणजे चित्रकणांची, ज्यांना पिक्सेल म्हणतात त्यांची, जाळी. आणि प्रत्येक चित्रकणाला ० म्हणजे पूर्ण काळा ते २५५ म्हणजे पूर्ण पांढरा यांमधील एक अंक असतो. काकूंच्या करड्या केसांचा अंक ६० आणि मागच्या फिकट भिंतीचा १५० आहे असे धरू. केसांवरून भिंतीकडे जाणारी एक आडवी ओळ घेतली तर ती अशी दिसेल:

६०, ६०, ६०, ६०, १५०, १५०, १५०, १५०

आता या ओळीची धूसर नक्कल काढू. प्रत्येक अंकाऐवजी तो स्वतः, त्याचा डावा शेजारी आणि उजवा शेजारी यांची सरासरी लिहायची. (ओळ दोन्ही टोकांना तशीच पुढे चालू आहे असे समजावे.) सरहद्दीपासून दूर काहीच बदलत नाही, पण सरहद्दीवरच्या ६० ची सरासरी ९० होते आणि त्याला खेटून असलेल्या १५० ची १२०:

६०, ६०, ६०, ९०, १२०, १५०, १५०, १५०

हा झाला मुखवटा. आता मूळ ओळीतून मुखवटा वजा करा. सगळीकडे शून्य उरते, फक्त सरहद्दीवर केसांच्या बाजूला उणे ३० आणि भिंतीच्या बाजूला अधिक ३० उरतात. म्हणजे मूळ चित्रातून धूसर नक्कल वजा जाता जी बाकी राहते, ती बाकी हाच कडांचा नकाशा. ही बाकी मूळ ओळीत पुन्हा जमा केली की हिशेब असा होतो:

६०, ६०, ६०, ३०, १८०, १५०, १५०, १५०

केसांची शेवटची कड ६० वरून ३० वर उतरली, म्हणजे अधिक काळी झाली. भिंतीची पहिली कड १५० वरून १८० वर चढली, म्हणजे अधिक उजळ झाली. आधी ९० ची असलेली तफावत सरहद्दीवर आता १५० ची झाली. सारे शार्पनिंग मुळात एवढेच आहे. केसांचा एकही नवा तंतू निर्माण झालेला नाही, भिंतीचा एकही नवा कण कळलेला नाही. जिथे उजेड आणि अंधार यांची गाठ पडते तिथे अंधाराला थोडा अधिक अंधार आणि उजेडाला थोडा अधिक उजेड दिला गेला आहे.

आणि काकूंच्या अंबाड्याभोवतीची पांढरी रेघ म्हणजे दुसरे काही नसून हा १८० होय. बाकी एकपटीने जमा केली म्हणून तो १८० झाला. दुप्पट केली असती तर केसांची कड ० वर, म्हणजे निव्वळ काळ्यावर, आणि भिंतीची कड २१० वर गेली असती. चौपट केली असती तर उत्तर उणे ६० आणि २७० असे आले असते; परंतु शून्याच्या खाली आणि २५५ च्या वर जाण्याची मुभा चित्रकणाला नसते, म्हणून ते ० आणि २५५ वर छाटले जातात, आणि तिथे केसांच्या छटांचा जो काही नाजूक फरक असेल तो कायमचा पुसला जातो. गल्लीत चाकावर सुरी घासून देणारा येत असे तेव्हा आई बजावीत असे, फार घासू नकोस, पाते झिजते. चित्राच्या बाबतीतही पाते झिजते ते असे.

डोळा फसतो की डोळ्याला मदत होते?

इथे वाचक विचारील की नवा तपशील काहीच आला नसताना चित्र अधिक स्पष्ट दिसते, ते का? याचे उत्तर चित्रात नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. १८६५ साली अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की करड्या रंगाच्या, प्रत्येकी अगदी एकसारख्या छटेच्या पट्ट्या क्रमाने खेटून ठेवल्या, तर प्रत्येक पट्टी आपल्या काळसर शेजारणीकडे अधिक उजळ आणि उजळ शेजारणीकडे अधिक काळसर भासते. कागदावर तशी रेघ नसते. ती डोळा आपल्या पदरची घालतो.

हे डोळा कसे करतो याचा छडा लागण्यास एका समुद्रजीवाचे साहाय्य झाले. घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा, नावाने खेकडा पण कुळाने कोळ्याविंचवांचा नातलग असलेला हा प्राणी. त्याच्या भावंडजाती आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतात. अमेरिकेतील अटलांटिक किनाऱ्यावरच्या जातीच्या डोळ्यांवर हाल्डन केफर हार्टलाइन यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि त्यांना आढळले की डोळ्यातील प्रत्येक प्रकाशग्राही घटक स्वतः संदेश धाडतानाच शेजारच्या घटकांचा आवाज थोडा दाबतो. जो जितका उजेडात, तो शेजाऱ्याला तितका अधिक दाबणार. परिणामी सरहद्दीवर, अंधाराच्या बाजूला असलेला घटक उजेडातल्या शेजाऱ्याकडून अधिकच दाबला जातो, आणि उजेडाच्या बाजूच्या घटकाला अंधारातला शेजारी फारसा दाबत नसल्यामुळे त्याचा आवाज चढतो. आपण वर पाटीवर केलेली वजाबाकी ती हीच. या संशोधनासाठी हार्टलाइन यांना १९६७ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मनुष्याच्या नेत्रपटलातही अशाच शेजारदाबाचा अंमल चालतो.

तेव्हा शार्पनिंग म्हणजे डोळा जे काम नंतर करणारच आहे, त्याचा काही हिस्सा चित्रातच आगाऊ करून ठेवणे. ही गोष्ट चित्रकारांना शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी हाताने ठाऊक होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत रंग भरून झाल्यावर आकृतींच्या बाह्यरेषा पुन्हा गडद रंगाने निश्चित केलेल्या दिसतात; आणि पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तीला सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी होते, तो क्षण ज्याने पाहिला आहे त्याला मी अधिक काय सांगावे! शाडूची तीच मूर्ती, तोच रंग, पण पापणीची काळी रेघ डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उतरताच ती आपल्याकडे पाहू लागते. आखणी करणारा कारागीर मूर्तीभर रेघा ओढीत नाही, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

तीन कळा

अनशार्प मास्कला तीन कळा असतात आणि वरचे पाटीवरचे उदाहरण ध्यानात असेल तर तिन्ही समजण्यास काही अडचण पडत नाही. ‘अमाउंट’ म्हणजे बाकी किती पटीने जमा करायची ते प्रमाण. शंभर टक्के म्हणजे एकपट, दोनशे म्हणजे दुप्पट.

‘रेडियस’ म्हणजे धूसर नक्कल काढताना सरासरीत किती दूरचे शेजारी घ्यायचे, ती त्रिज्या. आणि तीन कळांपैकी हीच सर्वांत घातकी आहे असे माझे मत आहे, कारण तिचा परिणाम पडद्यावर चटकन कळत नाही आणि कागदावर लपत नाही. आपण दोन्हीकडचा एकेकच शेजारी घेतला होता. दोन-दोन घेतले तर तीच ओळ ६०, ६०, ४२, २४, १८६, १६८, १५०, १५० अशी होते: प्रभावळीचा पट्टा दुपटीने रुंद झाला आणि शिवाय अधिक गडदही झाला. रुंद प्रभावळ बारीक तपशिलांना गिळून टाकते. दोन बटांमधील अंतर जर तीन चित्रकणांचे असेल आणि प्रभावळ चार चित्रकणांची, तर त्या दोन बटांची एक जाड दोरी होते.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे उंबरठा. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील तफावत या उंबरठ्याहून कमी असेल तर त्यांना हात लावू नये, असा हा हुकूम. गालावरच्या दोन चित्रकणांत दोन-तीन अंकांचा फरक असतो, तो त्वचेचा पोत असतो किंवा कमी उजेडात सेन्सरने केलेली खळखळ, जिला नॉइज म्हणतात. केस आणि भिंत यांत नव्वदांचा. साधनाला स्वतःची विवेकबुद्धी नसते, ते दोन्हींना कडाच समजते, आणि उंबरठा शून्यावर असला तर खळखळीलाही तितक्याच इमानाने धार लावते. काकूंच्या गालाचा रवा झाला तो यामुळेच. म्हणून नॉइज आधी कमी करावा आणि धार नंतर लावावी. धान्य पाखडून मग दळणाला टाकतात, दळून मग पाखडीत नाहीत.

> चौकट: हाताशी असू द्यावे असे काही
>
> चित्र शंभर टक्के आकारात, म्हणजे चित्रातला एक कण पडद्याच्या एका कणावर येईल असे ठेवून मगच कळा हलवाव्यात. माणसांच्या चेहऱ्यासाठी अमाउंट ७० ते १००, रेडियस १ च्या आसपास आणि थ्रेशोल्ड ४ ते ८ येथून प्रारंभ करावा. इमारती, दगडी कोरीव काम, वाळलेले गवत यांना अमाउंट १५० पर्यंत आणि थ्रेशोल्ड ० ते २ चालून जातो. लाइटरूममध्ये धार लावण्याच्या विभागात ‘मास्किंग’ नावाची कळ आहे. ती ओढताना कळफलकावरील ऑल्ट, किंवा मॅकवर ऑप्शन, दाबून धरले की चित्र काळेपांढरे होते: पांढरे दिसते तेथे धार लागेल, काळे दिसते ते अबाधित राहील. गाल आणि आकाश काळे होईपर्यंत ती ओढावी.

रंगांविषयी एक सूचना येथेच करतो. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही पातळ्यांवर स्वतंत्रपणे वरील वजाबाकी झाली तर कडांवर भलत्याच रंगाच्या झालरी उमटतात, विशेषतः लाल साडी हिरव्या झाडीपुढे असेल तेव्हा. यावर उपाय असा की धार केवळ उजेडाच्या मापाला लावावी आणि रंगाला तसेच ठेवावे. फोटोशॉपमध्ये धार वेगळ्या थरावर लावून त्या थराची मिश्रणरीत ‘ल्युमिनॉसिटी’ केली की हे साधते. मनुष्याची दृष्टी उजेडातील बारीक फरक फार तीक्ष्णपणे टिपते, रंगातील तितका नाही, तेव्हा रंगाला धार न लागल्याने काहीच हरवत नाही.

हरवलेले परत येते का?

पुष्कळांची अशी समजूत असते की हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो या साधनाने दुरुस्त होतो. होत नाही. धूसर कडेलाही ते दोन्ही बाजूंनी प्रभावळ चढवील, आणि धूसर कड धूसर राहून वर रेघाळ होईल.

मात्र एक निराळा मार्ग आहे, आणि तो अनशार्प मास्कहून मूलतः भिन्न आहे. एखादा बिंदू चित्रात नेमका कसा पसरला हे जर आपल्याला ठाऊक असेल, तर गणिताने तो पसारा उलट दिशेने गोळा करण्याचा प्रयत्न करता येतो. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लिऑन ल्युसी यांनी १९७४ साली याची एक रीत स्वतंत्रपणे मांडली. पुढे १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि असे आढळले की तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड मिलिमीटरच्या सुमारे दोनसहस्रांशाने अधिक घासली गेली आहे, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती तेजाचा पिसारा पसरतो. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन प्रकाशमार्गात दुरुस्ती बसवेपर्यंत शास्त्रज्ञांनी या गणिताच्या आधारे ती धूसर चित्रे बरीच सावरून घेतली. त्यांना हे जमले, कारण एकटा तारा म्हणजे अवकाशातला निव्वळ बिंदू, आणि तो कसा पसरतो हे प्रत्यक्ष पाहून त्यांना दोषाचे स्वरूप ठाऊक होते. लग्नाच्या मांडवात हललेल्या हाताचा असा हिशेब सहसा कोणाजवळ नसतो. फोटोशॉपमधील ‘स्मार्ट शार्पन’ हे साधन पसाऱ्याचा प्रकार कोणता, भिंगाचा की हालचालीचा, असे आपल्याला विचारते आणि त्या अनुमानावर काम करते. अनुमान बरोबर असेल तेवढेच ते उपयोगी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निघाली आहेत, आणि ती धूसर चेहऱ्याला खरोखरच पापण्या, भुवया, ओठांच्या कडा देतात. परंतु त्या पापण्या त्या व्यक्तीच्या नसतात. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकून, अशा ठिकाणी सामान्यतः काय असते ते तिथे भरलेले असते. जाहिरातीत किंवा सजावटीत त्याला माझी हरकत नाही. दस्तऐवज म्हणून वापरायच्या चित्रात मात्र त्यांना थारा देऊ नये, आणि गेलेल्या माणसाच्या तसबिरीत तर मुळीच नाही: धूसर का होईना, पण काकूच हव्यात.

धार कोणत्या आकारासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येतो: फोनवर नेटके दिसलेले चित्र भिंतीवर का बिघडले? फोनचा पडदा पंजाएवढा. चित्रातले कित्येक कण त्याच्या एकेका कणात मिसळून जातात आणि त्यांच्याबरोबर प्रभावळही मिसळून जाते. तिथे जी धार पुरेशी वाटली ती प्रत्यक्षात कितीतरी अधिक होती. तेच चित्र १८ इंचांवर ताणले की झाकलेली प्रभावळ उघडी पडते.

म्हणून धार ही नेहमी अंतिम आकार ठरल्यावर, त्या आकारासाठी, आणि सर्वांत शेवटी लावावी. इंचाला ३०० चित्रकण या प्रमाणाने छापायचे असेल तर तीन चित्रकणांची प्रभावळ कागदावर शतांश इंच, म्हणजे पाव मिलिमीटर होते. हातात धरून पाहताना ती रेघ म्हणून दिसत नाही, फक्त चित्र टवटवीत वाटते. पडद्यावर शंभर टक्क्यांत ती थोडी अधिकच भासेल, पण कागदावर शाई पसरते आणि पसरताना तिचा काही भाग खाऊन टाकते, हे छापखान्यात वावरलेल्यांना सांगणे नको. वर्तमानपत्राचा कागद अधिक शोषतो म्हणून तिथे धार अधिक लागते, गुळगुळीत फोटोपेपरला कमी. ब्रूस फ्रेझर या छायाचित्रण-लेखकाने शार्पनिंगवरच्या २००६ सालच्या आपल्या ग्रंथात या कामाचे तीन टप्पे पाडले: सेन्सरची मवाळी भरून काढण्यापुरती पहिली हलकी धार, मग डोळे किंवा दागिना अशा निवडक जागी मनाजोगती दुसरी, आणि कागद व आकार पाहून शेवटची. तीन हलके हात, एक जबर हात नव्हे, असा तो शिरस्ता असून मला तो अनुभवाने पटला आहे.

काकूंची तसबीर आम्ही दुसऱ्यांदा केली. सुदैवाने पुतणीच्या फोनमध्ये मूळ फाईल शाबूत होती. अठरा इंचांच्या बाजूवर तिचे ४००० चित्रकण पसरणार होते, म्हणजे इंचाला सुमारे २२२. तेवढे पुरेसे आहेत हे पाहून, फोनने आधीच एक धार लावलेली आहे हे लक्षात घेऊन, अमाउंट ६०, रेडियस ०.८ आणि थ्रेशोल्ड ५ एवढ्यावर मी थांबलो. गाल, गळा आणि मागची भिंत मास्कने झाकून ठेवली, आणि डोळे, गजरा व नऊवारीचा काठ एवढेच उघडे ठेवले. दुकानदाराला चिठ्ठीवर लिहून दिले की या फाईलला आपल्या यंत्रावर पुन्हा शार्पनिंग करू नये. आता अंबाड्याभोवती रेघ नाही, आणि गजऱ्यातल्या कळ्या सुट्या सुट्या दिसतात.

वाचकांना एवढीच विनंती की घरातल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे फोनवर असतील तर काहीही फेरफार करण्यापूर्वी मूळ फाईलची एक नक्कल वेगळी काढून ठेवावी, आणि छापायला देताना आकार किती व धार लावून झाली आहे की नाही, या दोन गोष्टी दुकानदाराला सांगाव्यात.